नडगी दुखतेय, पण उस्तादांना सांगू नका

गेल्या अंकात गुडघ्यावर लिहिताना ‘सैन्यात रंगरूट म्हणून गेलेल्या पोरांच्या पायांबद्दल पुढे कधीतरी’ असं एक वाक्य मी जाता जाता टाकलं होतं. मूळ लेखापेक्षा त्या वाक्यावरच जास्त पत्रं आली. सातारा, सांगली, बीड, अहिल्यानगर, एक थेट गडचिरोलीहून. डॉक्टर म्हणून माझी लष्करातली बरीच वर्षं प्रशिक्षण केंद्रांच्या एम. आय. रूममध्ये, म्हणजे तिथल्या तपासणीच्या दवाखान्यात, आणि मग अस्थिरोग विभागात गेली. तिथे गोळी लागलेला जवान क्वचित दिसायचा, पाय धरून बसलेला रंगरूट रोज. म्हणून हा अंक त्या पायांसाठी. नावं कुणाचीच छापलेली नाहीत, कारण निम्म्या पत्रांत ‘मुलाला कळू देऊ नका’ असं लिहिलं होतं.

माझा मुलगा अग्निवीर म्हणून भरती झाला. ट्रेनिंगला जाऊन सहावा आठवडा चालू आहे. रविवारी फोनवर म्हणाला, उजवी नडगी आतल्या बाजूने दुखते, पीटीत जास्त. दवाखान्यात जा म्हटलं तर म्हणतो, ‘रेलिगेट करतील, उस्तादांना (ट्रेनिंग देणाऱ्यांना) सांगायचं नाही.’ मी इथून मलम पाठवलं आहे. अजून काय करू?
— एक आई, खटाव तालुका

ताई, मलमाने नुकसान नाही आणि फायदाही नाही. त्याला पुढच्या फोनवर तीन गोष्टी विचारा. एक, दुखणं नडगीच्या वीतभर पट्ट्यात पसरलंय की एका बोटाने दाखवता येईल अशा एकाच जागी आहे? दोन, पीटी संपल्यावर थांबतं की रात्री बराकीत पडल्यावरही ठणकतं? तीन, जांघेत किंवा मांडीच्या वरच्या भागात दुखतंय का?

पट्टाभर दुखत असेल, धावून अंग तापलं की कमी होत असेल, तर बहुधा ते शिन स्प्लिंट, म्हणजे धावण्याच्या ताणाने नडगीच्या कडेला आलेली दुखण. त्रासदायक, पण धावणं थोडं कमी केलं की आवरतं. एकाच जागी बोट ठेवल्यावर कळ येत असेल आणि विश्रांतीतही दुखत असेल, तर मला स्ट्रेस फ्रॅक्चरची, म्हणजे वारंवारच्या भाराने हाडाला पडलेल्या बारीक चिरेची, शंका येते. आणि तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल, तर रविवारची वाट पाहू नका, त्याला त्याच दिवशी सिक रिपोर्ट करायला, म्हणजे आजारी म्हणून डॉक्टरांकडे जायला लावा.

सहावा आठवडा हे वाचून मला मुळीच नवल वाटलं नाही. हाडावर नवा भार आला की शरीर ते हाड नव्याने बांधायला घेतं, आणि त्यासाठी आधी जुनं खरवडून काढतं. रस्त्याचं काम असतं तसंच: आधी उकरायचं, मग नवा थर. उकरून झालंय, थर पडायचाय, आणि वाहतूक मात्र दुप्पट, अशी अवस्था सुरुवातीच्या काही आठवड्यांत असते. नेमक्या त्याच आठवड्यांत पोराचं आयुष्य पीटी, टाच आपटून करायची ड्रिल, नवे जड बूट आणि मधूनमधून रगडा, म्हणजे शिक्षेचा व्यायाम, यांनी भरलेलं असतं. अपघात काहीच झालेला नसतो. म्हणूनच त्याला सांगताना लाज वाटते, ‘पडलो नाही, लागलं नाही, मग काय सांगू?’

आणखी एक. एक्स-रे ‘नॉर्मल’ आला म्हणून कुणी त्याला परत मैदानावर पाठवत असेल, तर त्याने अदबीने पुन्हा दाखवावं. पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेत ही चीर बहुधा दिसतच नाही. एमआरआयमध्ये दिसते.

आता रेलिगेशनचं. मुलांच्या मनात या शब्दाची जेवढी दहशत आहे तेवढी शत्रूची नसावी. रेलिगेट म्हणजे मागच्या बॅचबरोबर राहिलेलं ट्रेनिंग पूर्ण करणं. जिवाभावाच्या पोरांपासून तुटतो, बराकीत चिडवतात, हे सगळं खरं. पण हिशेब पाहा. सुरुवातीला आला तर डॉक्टर ‘अटेंड सी’ देतात, म्हणजे पीटी-परेड माफ. काही दिवसांत पुष्कळदा प्रकरण मिटतं. चीर पडेपर्यंत लपवलं तर नडगीला सहा ते आठ आठवडे जातात, आणि मग रेलिगेशन टळत नाही. ज्याची भीती होती तेच तो स्वतः ओढवून घेतो.

जांघेच्या दुखण्यावर मी इतका का अडून बसतो तेही सांगतो. मांडीच्या हाडाची मान, म्हणजे खुब्याजवळचा अरुंद भाग, तिथे चीर पडली तर दुखणं जांघेत जाणवतं. एका केंद्रात माझ्याकडे एक मुलगा आला होता. दोन आठवडे मित्राकडून वेदनाशामक गोळ्या घेऊन धावत होता. पूर्ण भार घेऊन पाच किलोमीटर धावायच्या चाचणीत चौथ्या किलोमीटरला तो खाली बसला, आणि उठवायला गेलं तर पाय बाहेरच्या बाजूला वळलेला. हाड सरकलं होतं. स्क्रू घातले. पण त्या जागचा रक्तपुरवठाच नाजूक, हाडाचा गोळा पुढे मरू शकतो. एकोणीस वर्षांच्या मुलाला हे समजावून सांगणं सोपं नसतं. त्याच्या ट्रंकेत गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या निघाल्या. तुमच्या मुलाकडे अशी गोळी असेल तर मलमाच्या आधी ती बंद करायला सांगा.

डॉक्टरसाहेब, आम्ही खिळे ठोकलेल्या बुटांत धावलो, रगडा खाल्ला, कुणाचं हाड मोडल्याचं ऐकलं नाही. आजची पोरं मोबाइलवाली, नाजूक. तुमच्यासारखे डॉक्टर त्यांना आणखी नाजूक करतात.
— एक निवृत्त हवालदार, सातारा तालुका

हवालदारसाहेब, रामराम. तुमच्या पत्राचा उत्तरार्ध मी मनाला लावून घेत नाही.

हाडं तेव्हाही मोडत होती. ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियाच्या लष्करी सर्जनने १८५५ मध्येच लांब कूच करणाऱ्या सैनिकांच्या सुजलेल्या, दुखऱ्या पायांचं वर्णन लिहून ठेवलं. एक्स-रेचा शोध लागल्यावर १८९७ मध्ये कळलं, की ती पावलाच्या लांब हाडांमधली चीर होती. आजही त्याला ‘मार्च फ्रॅक्चर’ म्हणतात. तुमच्या वेळी त्याला ‘पाय सुजला’ म्हणत, आणि जो लंगडत घरी गेला त्याचं नाव बॅचच्या गप्पांत पुढे कधी निघत नाही.

पण तुमच्या बोलण्यात एक खरा धागा आहे, तो मी सोडणार नाही. भरतीपूर्वी ज्याचं अंग कामाला, खेळाला सरावलेलं असतं त्याला कमी इजा होतात, हे जगभरच्या सैन्यांत पुन्हा पुन्हा दिसलंय. इस्रायलच्या डॉक्टरांना असंही आढळलं, की सैन्यात येण्यापूर्वी दोनेक वर्षं बास्केटबॉलसारखे चेंडूचे खेळ खेळलेल्या मुलांची हाडं कमी चिरली. उड्या, अचानक थांबणं, बाजूला वळणं यांनी हाडाला सगळ्या दिशांनी धक्के मिळतात. सरळ रेषेत नुसतं धावून तो फायदा मिळत नाही. माझं स्वतःचं मत असं, की गावच्या पटांगणावरचा खो-खो बंद पडला आणि त्या जागी डांबरी रस्त्यावरचं पहाटेचं धावणं आलं, यात पोरांचं नुकसान झालं. मोबाइलला त्यासाठी शिव्या द्यायच्या असतील तर मी तुमच्याबरोबर आहे.

आमची भरतीपूर्व अकॅडमी आहे. साठेक मुलं निवासी. पहाटे ४ ला उठवून रोज ८ ते १० किलोमीटर रस्त्यावर धावतात, संध्याकाळी पुन्हा मैदान. दर बॅचमधली आठ-दहा मुलं पायदुखीने घरी परत जातात. पालक आम्हाला विचारतात. आम्ही कुठे चुकतो? महागडे बूट सक्तीचे करावेत का?
— एक अकॅडमी चालक, फलटण

सर, तुम्ही विचारलंत, हेच पुष्कळ झालं. बहुतेक अकॅडम्या परत गेलेल्या पोरालाच ‘दम नव्हता’ म्हणून निकालात काढतात.

आधी सांगा, परीक्षा कशाची आहे? सैन्याच्या मैदानी चाचणीत १.६ किलोमीटर. साडेपाच मिनिटांच्या आत आलं तर ६० गुण, दहा बीमला, म्हणजे आडव्या दांड्याला लटकून अंग वर ओढण्याला, आणखी ४०. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. म्हणजे दीड किलोमीटरच्या वेगाची परीक्षा, आणि तयारी रोज दहा किलोमीटर संथ धावण्याची. त्याने दम वाढतो, पण साडेपाच मिनिटांचा वेग अंगात येत नाही. पाय मात्र झिजतात. अमेरिकेच्या मरीन सैनिकांच्या प्रशिक्षणात एकूण धावणं ४० टक्क्यांनी कमी करून पाहिलं. स्ट्रेस फ्रॅक्चर ५४ टक्क्यांनी घटले आणि शेवटच्या चाचणीतला वेळ किंचितच वाढला. मी तुमच्या जागी असतो तर आठवड्यातले तीन-चारच दिवस धावणं ठेवलं असतं. त्यातले दोन दिवस चारशे-चारशे मीटरचे वेगवान तुकडे आणि मध्ये चालणं. बाकीचे दिवस बीम, दोरी, पोटाचे व्यायाम, पायात ताकद येईल असं काहीतरी. नव्या पोराला पहिले तीन आठवडे जुन्या बॅचबरोबर पळवू नका, इतकं एक केलंत तरी परत जाणाऱ्यांची संख्या घटलेली तुम्हाला दिसेल. आणि धावायचं ते कॅनॉलच्या कडेच्या मातीच्या वाटेवर, डांबरावर नाही.

पहाटे ४ चा मला खरा राग आहे. उठवा ४ ला, माझी हरकत नाही, पण मग रात्री ९ ला दिवे बंद करा आणि मोबाइल काढून घ्या. इस्रायली सैन्यात १९८३ मध्ये एका तुकडीतल्या रंगरुटांच्या पायांची बारकाईने तपासणी केली तेव्हा ३१ टक्के मुलांना स्ट्रेस फ्रॅक्चर निघाले. पुढे पंचवीस वर्षं त्यांनी बूट बदलले, तळवे बदलले, नाना उपाय केले. सगळ्यात जास्त फरक कशाने पडला? रात्री किमान सहा तास झोप सक्तीची केली आणि एकूण कूच कमी केली, तेव्हा प्रमाण ६० टक्क्यांहून अधिक खाली आलं. झोपेला पैसे पडत नाहीत, म्हणून बहुधा तिच्यावर कुणाचा विश्वास बसत नाही.

बुटांबद्दल आता तुम्हीच ओळखलं असेल. अमेरिकेच्या भूदल, हवाई दल आणि मरीनमध्ये पायाच्या कमानीचा आकार पाहून खास बूट देऊन बघितले, इजा कमी झाल्या नाहीत. मापाचे, पायाला न लागणारे, तळ न झिजलेले बूट पुरेत. पाच हजारांचा बूट घ्यायला बापाला म्हैस विकायला लावू नका. फाटका, थोरल्या भावाचा, एक नंबर मोठा बूट मात्र चालू देऊ नका. त्याने फोड येतात, फोड चुकवायला पोरगं पाय वाकडा टाकतं आणि मग गुडघा धरतं. धावण्यापूर्वी दहा मिनिटं ओळीत उभं करून पोटऱ्या ताणायला लावता ना? ऑस्ट्रेलियाच्या १५३८ रंगरुटांवर ते करून पाहिलंय, इजांमध्ये फरक पडला नाही. ती दहा मिनिटं हळूहळू वेग वाढवत पळण्याला द्या. चाचणीतला खड्डा पार करताना घोटे मुरगळत असतील तर एका पायावर तोल सांभाळण्याचा सराव रोज घ्या. एकदा मुरगळलेला घोटा त्याशिवाय परत परत मुरगळतो.

जेवणाचं एका ओळीत: दूध, अंडी, डाळ, शेंगदाणे कमी करून मेसचा खर्च वाचवू नका.

मी २० वर्षांची आहे. सैन्याच्या मिलिटरी पोलीस भरतीची तयारी करते. वजन कमी राहावं म्हणून रात्री जेवत नाही. चार महिन्यांपासून पाळी आली नाही. मैत्रिणी म्हणतात, व्यायाम करणाऱ्या मुलींचं असं होतंच. हल्ली डाव्या जांघेत दुखतं. आईला सांगितलेलं नाही.
— नाव नको, बीड जिल्हा

बाळ, आईला आज सांग. मग स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखव, आणि त्याच फेरीत जांघेचा एमआरआय. तो होईपर्यंत धावणं पूर्ण बंद. वर खटावच्या ताईंना जे लिहिलंय ते तूही वाच.

मैत्रिणी म्हणतात ते अर्धंच खरं आहे. असं होतं, पण त्याला ‘होतंच’ म्हणून सोडायचं नसतं. जेवढं खर्च होतं तेवढं पोटात गेलं नाही की शरीर आधी पाळी बंद करतं, आणि पाळीबरोबर हाडांची राखण करणारं इस्ट्रोजेनही घटतं. दोन-चार महिन्यांत हाड ढिलं पडायला सुरुवात होते. रात्रीचं जेवण आजपासून सुरू कर, हे औषध समजून. अमेरिकेच्या नौदलात ५२०१ महिला रंगरुटांपैकी निम्म्यांना रोज २००० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ८०० युनिट ड जीवनसत्त्व दिलं, तेव्हा त्यांच्यात स्ट्रेस फ्रॅक्चर २० टक्के कमी निघाले. तुझं ड जीवनसत्त्व तपासून घे. उन्हात फिरणाऱ्या मुलींचंही कमी निघतं. पण गोळी जेवणाच्या जागी घ्यायची नसते.

तू भरती होशीलच, तेव्हा एक गोष्ट लक्षात ठेव. ऑस्ट्रेलियात महिला रंगरुटांना ओटीपोटाच्या हाडांत चिरा पडायच्या, शंभरात अकरा जणींना. कारण काय, तर उंच मुलांच्या पावलाला पाऊल मिळवण्यासाठी त्या आपल्या आवाक्याबाहेरची ढांग टाकत होत्या. कूचचा वेग ताशी साडेसातवरून पाच किलोमीटर केला, प्रत्येकीला आपापल्या ढांगेने चालू दिलं, धावणं मऊ जमिनीवर नेलं. प्रमाण एक टक्क्याच्या खाली आलं. मुलींची हाडं कमजोर असतात म्हणून सैन्य त्यांचं नव्हे, असं कुणी तुला ऐकवलं तर हे सांग. २०२५ मध्ये खडकवासल्याच्या एनडीएतून मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. तिथली चढणं मी पाहिली आहेत.

माझा भाचा सिकलसेलचा वाहक (एएस) आहे, त्याला त्रास काही नाही. निमलष्करी दलाच्या भरतीची तयारी एप्रिल-मेमध्ये करतोय. झारखंडात धावताना मुलं मेल्याचं वाचल्यापासून बहीण घाबरली आहे. धावू द्यावं का? पाणी किती पाजावं?
— एक मामा, गडचिरोली जिल्हा

बहिणीची भीती खोटी नाही. झारखंडमध्ये २०२४ साली उत्पादन शुल्क खात्याच्या शिपाई भरतीत दहा किलोमीटर धावताना दहाहून अधिक उमेदवार दगावले. आपल्याकडे २०१४ मध्ये मुंबईच्या पोलीस भरतीत पाच किलोमीटर धावताना मुलं गेली. भरतीच्या मैदानावर ऊन, गर्दी आणि ‘आज नाही तर कधीच नाही’ ही जिद्द एकत्र आली की असं घडतं.

वाहक असणं, म्हणजे सिकलसेलचं एकच जनुक असणं, हा आजार नव्हे, त्याने धावावं. पण बाकीच्यांनी एकदा पाळायचे नियम त्याने दोनदा पाळावेत. १९८७ मध्ये अमेरिकी रंगरुटांच्या अभ्यासात वाहक मुलांमध्ये श्रमाने अचानक मृत्यूचं प्रमाण कितीतरी पट जास्त दिसलं होतं. उन्हाबद्दलची काळजी सैन्याने सक्तीची केल्यानंतर, २०१६ च्या मोठ्या अभ्यासात मृत्यूचा तो फरक उरला नाही. स्नायू विरघळण्याचा धोका मात्र वाहकांत दीडपट राहिला. म्हणजे काळजीने जीव वाचतो, हे इथे आकड्यांतच दिसतं.

तर, धावायचं सूर्य वर येण्याआधी. गावाबाहेर राहून आला असेल किंवा मध्ये खंड पडला असेल तर उन्हाची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस द्या, त्या काळात वेळ आणि वेग हळूहळू वाढवा. ताप, जुलाब किंवा रात्रभराचं जागरण असेल त्या दिवशी सुट्टी. तहान लागेल तसं पाणी, जेवणात मीठ नेहमीसारखं. बादलीभर पाणी पाजायचं खूळ नको. नुसत्या पाण्यानेही रक्तातलं सोडियम उतरून माणसं दगावली आहेत, म्हणूनच अमेरिकी सैन्याने १९९८ पासून तासाला साधारण १.४ लिटर ही वरची मर्यादा घालून दिली. धावल्यानंतर लघवी कोऱ्या चहासारखी झाली, मांड्या दगडासारख्या लागल्या, तर घरी झोपवू नका, सरळ जिल्हा रुग्णालय.

कुणी धावताना असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला किंवा कोसळला, तर अॅम्ब्युलन्सला फोन करा, पण ती येईपर्यंत हात बांधून उभे राहू नका. सावलीत न्या, कपडे काढा, टाकी किंवा हौद असेल तर मानेपर्यंत गार पाण्यात बसवा आणि डोकं धरून ठेवा. नसेल तर अंगावर पाणी ओता, वारा घाला, बर्फ मिळाला तर काखेत आणि जांघेत. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका. आधी गार करायचं, मग हलवायचं. तालुक्यापासून तुमचं गाव जितकं लांब, तितकं हे जास्त महत्त्वाचं.

मुलाचे तळवे सपाट आहेत. गावात सगळे म्हणतात, मेडिकलमध्ये बाद होणार, उगाच पळवू नका.
— एक वडील, पारनेर

मुलाला अनवाणी चवड्यांवर उभं करा आणि मागून बघा. टाचा उचलल्यावर तळव्याची कमान उमटली, चवड्यांवर त्याला उड्या मारता आणि धावता आलं, पाऊल लवचिक असलं आणि दुखत नसलं, तर सैन्याच्या वैद्यकीय निकषांत असा सपाट पाय चालतो. बाद होतो तो ताठर पाय, ज्यात चवड्यावर उभं राहूनही कमान येत नाही. इस्रायलच्या एका अभ्यासात तर कमी कमानीच्या रंगरुटांना स्ट्रेस फ्रॅक्चर कमी झालेले दिसले. पळू द्या त्याला. गावातल्या सगळ्यांना माझ्याकडे पाठवा, मंगळवारी आणि शुक्रवारी मी असतो.